डोकं सगळ्यात शेवटी

चारठाणा
१९ ऑगस्ट २०२४

ती. अर्पिताताईंना,
प्रियांकाचा नमस्कार.

ताई, परभणीच्या दवाखान्यात लहान लेकरांच्या खोलीत तुमी सतरंजीवर बसून माझ्या रुद्राला चेंडू देत होतात. मी गावाचं आन् सासऱ्याचं नाव सांगितलं तवा तुमचा हात थांबला. माझी आई संगं होती म्हणून मी काई बोलले न्हाई. पण तुमची हनुवटी डिट्टो आमच्या ह्यांच्यासारखी हाय. मी योगीराजची बायको, तुमची भावजय. तुमी सिद्धोधन भाऊजींसंगं लग्न करून हे घर सोडलं, त्याच्यानंतर वर्षानं मी ह्या घरात आले. म्हणून आपली गाठच पडली न्हाई.

तुमचं नाव हितं निघत न्हाई. अण्णा म्हणतात, मला एकच लेकरू, योगीराज. सासूबाई तवा चुलीकडं तोंड करून बसतात.

फोन कामून केला न्हाई म्हणाल, तर माझा फोन ओसरीत चार्जिंगला असतो आन् कुणाचा आला हे आख्खं घर बघतं. तवा पत्र. अंगणवाडीच्या बबिताबाईच्या पत्त्यावर टाका, तिच्या पोटात गोष्ट राहती.

तुमी त्या दिवशी रुद्राला बघितलंच. चार वर्षं सरली. आंघोळीचा तांब्या डोक्यावर घेतला की गल्ली गोळा होती, इतका वरडतो. शर्टाची कॉलर टोचती म्हणून उघडा फिरतो. वरणभात हाताला चिकटला की उलटी. मिक्सर लावला की पलंगाखाली. आन् स्वतःभवती गरगर फिरला तर आपल्याला चक्कर येती, त्याला येत न्हाई. बोलणं तर न्हाईच. जन्मल्यापासून केसांना कात्री लागली न्हाई, पार पाठीपर्यंत आलेत, आन् कंगवा बघितला की पळतो.

अण्णा म्हणतात, आईनं लाडावला, दोन रट्टे दिले की सुधरंल. सासूबाई म्हणतात बाहेरचं हाय. मी गंगाखेडला माहेरी गेले तवा चोरून रेल्वेनं परभणीला आणला. हितून सारखं येणं जमणार न्हाई. घरी सांगितलंय की मालिशवाल्या बाईकडं नेला होता. तर मला काय करायचं ते लिहून धाडा. मी बारावी झालेय, वाचते नीट.

तुमची,
प्रियांका


परभणी
२७ ऑगस्ट २०२४

प्रिय प्रियांका,

तू गावाचं नाव घेतलंस तेव्हाच मी ओळखलं. ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून आठ-नऊ वर्षं काम करते आहे, हजार लेकरं मांडीजवळ बसवली असतील. स्वतःच्या भावाचं लेकरू समोर येईल असं कधी वाटलं नव्हतं. त्याला जवळ घ्यावंसं वाटलं, पण अशा लेकरांना तेच चालत नाही.

आधी हे मनातून काढून टाक की तो हट्टी आहे किंवा तू त्याला लाडावलंस. आपल्या अंगाला काय लागलं, कानावर काय पडलं, हे मेंदू निवडून घेतो. कामाचं ठेवतो, बाकीचं सोडतो. रुद्राच्या मेंदूला ही निवड जमत नाही. याला आम्ही सेन्सरी प्रोसेसिंगची अडचण म्हणतो. तुझा हलका हात त्याला खाजकुयली लागावी तसा लागतो. आणि गरगर फिरणं त्याला कमी पडतं म्हणून तो फिरत राहतो. त्याचं ओरडणं खरं आहे, प्रियांका. त्याला खरंच लागतं.

आता काय करायचं. हलका हात लावायचा नाही, दाबून लावायचा. आंघोळीआधी दंड, मांड्या, पाठ भाकरीचं पीठ मळावं तशी सावकाश दाबायची. जाड गोधडीत गुंडाळायचं, तोंड मात्र उघडं ठेवायचं, आणि नको असं दिसलं की लगेच सोडायचं. साडीची झोळी बांधून त्यात झुलवायचं. ज्वारीच्या पाटीत खेळणी लपवून हातानं शोधायला लावायचं. पाण्याची छोटी घागर उचलायला द्यायची; जड कामानं अशी लेकरं शांत होतात. मागून कधी हात लावायचा नाही. आधी सांगायचं, दाखवायचं, मग लावायचा.

एक नियम मोडायचा नाही. त्याला कुणी धरून ठेवायचं नाही. दोघांनी धरून एकदा आंघोळ घातली तर महिन्याची मेहनत पाण्यात. आणि हातापायापासून सुरुवात कर, मग पाठ, मग मान. डोकं सगळ्यात शेवटी.

आईचे गुडघे कसे आहेत? अजून पहाटे उठून जातं साफ करते का, दळत नसली तरी? घरचं काही लिहू नकोस असं मी म्हटलं तरी लिहीच.

अर्पिता


चारठाणा
६ ऑक्टोबर २०२४

ती. ताईंना,
नमस्कार.

सासूबाईंचे गुडघे दुखतात, जातं अजून साफ करतात. तुमी इच्यारलं म्हणून मी त्यांना निरखून बघितलं, तुमीच त्यांच्यात दिसायलात मला आता.

ताई, तुमचं शास्त्र खरं हाय. पयले दिवस लय बेजार गेले. झोळीत बसंना, ज्वारीला हात लावंना. मग मीच पाटीत हात घालून बसले आन् त्याच्याकडं बघितलंच न्हाई. त्याला राहवलं न्हाई. आता कोपरापर्यंत हात घालून बसतो, सासूबाई म्हणतात ज्वारीत माती कालवायला शिकवलंय पोराला.

गोधडीत गुंडाळताना त्यांनी एकदा बघितलं. पोराला मढ्यागत कामून गुंडाळायलीस म्हणून माझ्या सात पिढ्या काढल्या. पण गोधडीतून रुद्रा हसत होता. त्यांनी ते बघितलं न् आत गेल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनीच जाड गोधडी काढून दिली.

आन् ऐका. पोर बोललं. पाठ दाबून मी हात काढला तर माझा हात परत ओढला आन् म्हणाला, दाब. आई न्हाई म्हणाला, बाबा न्हाई म्हणाला, दाब म्हणाला. मी रडत रडत दाबत बसले. आता काई दुखलं, कुणी वरडलं, कुत्रं भुंकलं, की येतो न् म्हणतो, दाब. दोन्ही हात धरून दाबले की निवतो.

माझा हात सोताच्या हातानं धरून मानेपर्यंत नेतो. डोक्यापाशी थांबतो. मीबी थांबते.

आता घोर ऐका. अण्णांनी जावळाचं काढलंय. पयल्या वर्षी जमलं न्हाई, तिसऱ्या वर्षी मोठ्या सासऱ्यांचं सुतक आलं. हे पाचवं लागलं, आता टाळायचं न्हाई म्हणतात. माघी पौर्णिमेला देवीच्या माळावर. हलगी, बँडवाले, आख्खी भावकी, बोकडं. मामाच्या मांडीवर बसवून गावचे न्हावी वारीककाका वस्तऱ्यानं पुरं डोकं करणार. माझा भाऊ दत्ता गरीब हाय, त्याला धर म्हटलं की धरणार.

ज्या लेकराला कंगवा सहन होत न्हाई त्याच्यावर वस्तरा, तेबी हलगीच्या आवाजात. ताई, माघापर्यंत होईल का काई? का मी पळून जाऊ त्याला घेऊन?

प्रियांका


परभणी
२० ऑक्टोबर २०२४

प्रिय प्रियांका,

दाब हा त्याचा पहिला शब्द वाचून मी पत्र सिद्धोधनला वाचून दाखवलं. तो म्हणाला, या मुलाला काय हवं ते नेमकं कळतं, आपल्यालाच कळत नाही.

तुला स्पष्टच सांगते. माळावर, गर्दीत, हलगीत, धरून केस काढणं हे त्याच्यासाठी जावळ नाही, मार आहे. अशी लेकरं मी पाहिली आहेत. आलेले शब्द जातात. ज्यानं धरलं त्याच्यावरचा विश्वास तर जातोच, ज्यानं धरू दिलं त्याच्यावरचाही जातो. हे कुठल्याही परिस्थितीत होऊ द्यायचं नाही.

तोवर असं कर. बोथट टोकाची छोटी कात्री आण. मक्याच्या कणसाचे केस असतात ना, ते त्याला कापू दे. कणीस संपलं तर नारळाच्या शेंड्या. कात्रीचा आवाज त्याच्या स्वतःच्या हातातून येऊ दे. मग तुझी बट कापू दे, त्याच्यासमोर, एक. मग त्याला हवं असेल तर त्याची. आरशासमोर, घरात, दार लावून. एका वेळी एकच बट. माघापर्यंत अर्धं डोकं झालं तरी पुष्कळ झालं. ते केस साठवून देवीला वाहा. देवीला केस पाहिजेत, लेकराचं रडणं नको.

अण्णांना हे कुणीतरी तोंडावर सांगायला हवं. योगीराज सांगणार नाही, मला तो माहीत आहे, लहानपणी माझ्या वाट्याचा मारही मीच खाल्ला आणि त्याच्या वाट्याचाही. मी तिथे असते तर मध्ये उभी राहिले असते. अण्णा माझ्यावर कितीही तापले तरी शिकलेल्या माणसाचं ऐकतात, मला शिकवलं त्यांनीच.

तू एकटी नाहीस एवढं लक्षात ठेव.

अर्पिता


चारठाणा
२ डिसेंबर २०२४

ती. ताईंना,
नमस्कार.

आज पत्र लिहायला मला हात पुरंनात.

कणसाचे केस कापायचा नाद लागला त्याला. मळ्यातून येताना ह्यांनी पोतंभर कणसं आणली, कामून ते इच्यारलं न्हाई. रुद्रानं सगळ्या कणसांची हजामत केली. मग माझी बट कापली. एक म्हटलं तर तीन कापल्या, आता माझ्या कानाशेजारी उंदरानं कुरतडल्यागत दिसतंय. सासूबाई इच्यारायल्या, मी म्हटलं चुलीत जळाले.

परवा दुपारी आरशासमोर बसला. माझा हात धरला, मानेवर ठिवला, मग डोक्यावर ठिवला. तिथंच ठिवला. मी दाबलं. मग कात्री घेऊन कानामागची एक बट सोता कापली. बघितली, वास घेतला, माझ्या हातात दिली न् म्हणाला, आणिक. दुसरा शब्द. मी त्याला म्हटलं, राजा, तुला सांगितल्याबिगर ह्या डोक्याला कुणी हात लावणार न्हाई. त्याला कळलं, ताई. त्यानं माझ्या गालाला गाल लावला. चार वर्षांत पयल्यांदा.

ह्यांना रात्री सगळं सांगितलं, बट दाखवली. ते म्हणाले, खरंय तुझं, पण अण्णांना कोण सांगणार. आपलं ठरलेलं, आडात न्हाई ते पोहऱ्यात कुठून येणार.

आन् आता खरी बातमी. भावकीतली म्हातारी चतुराबाई ओसरीत सगळ्यांसमोर अण्णांना म्हणाली, सटवाजी, सगी आत्या जिती असताना जावळाचे केस कोण झेलणार? चुलत आत्याचा पदर चालत न्हाई. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला न् रडायला लागल्या. अण्णा उठून दारापर्यंत गेले, परत आले. मग म्हणाले, बोलवा तिला. एकटीला.

ताई, तुमी येणार. सात वर्षांनी तुमी तुमच्या घरात येणार आन् माझ्या लेकरासाठी येणार. भाऊजींना बोलावलं न्हाई हे वंगाळ झालं, त्याचं मला लय वाईट वाटलं. पण तुमी आलात की तुमीच सांगा अण्णांना. तुमच्याच तोंडून ऐकू द्या. दरवाजा उघडलाय तवर सांगून टाका. माझ्या डोक्यावरचं अर्धं ओझं आजच उतरलं.

तुमची वाट बघणारी,
प्रियांका


परभणी
२२ डिसेंबर २०२४

प्रिय प्रियांका,

अण्णांचा फोन आला. हॅलो म्हणाले. मग म्हणाले, ज्वारी हुरड्याला आली आहे. तुला यात काय कळणार, पण हुरडा भाजायचा पहिला आर ते मला बोलावून पेटवायला लावायचे. मी दवाखान्यातून घरी येईपर्यंत रडत आले. आई फोनवर आली तेव्हा तिनं आधी मी जेवले का ते विचारलं.

सिद्धोधनला सांगितलं. एकटीला बोलावलंय म्हटलं. तो म्हणाला, जा. दुसरं काही बोलला नाही. त्याच्या न बोलण्याचा मी काय अर्थ काढू तेच कळत नाही.

रुद्राची प्रगती वाचून आनंद झाला. छान चाललं आहे, चालू ठेव. जावळाचं मी अण्णांशी बोलेन, पण वेळ बघून. आत्ता आत्ता दार उघडलं आहे, लगेच वाद घातला तर आपलंच बिनसेल. तू त्याची तयारी वाढव. आवाजाची सवय कर, थोडा वेळ ताट वाजव, हळू. काही लेकरं एखादा प्रसंग निभावून नेतात, मी पाहिलं आहे.

आणि एक विनंती. तू माझ्याकडे आली होतीस, आपण पत्रं लिहितो, हे घरात सांगू नकोस. अण्णांना वाटेल मी सुनेच्या आडून घरात शिरले. मग माझं येणंही गेलं आणि तुझंही नाव खराब.

आईनं माझ्यासाठी हिरवं लुगडं काढून ठेवलंय म्हणे. खरं का?

अर्पिता


चारठाणा
१४ जानेवारी २०२५

ती. ताईंना,
संक्रांतीचा नमस्कार. तिळगूळ पत्रात घालता येत न्हाई.

लुगडं हिरवं हाय, काठ मोतिया. सासूबाई रोज काढून बघतात.

ताई, एक सरळ इच्यारते. काल जेवताना अण्णा म्हणाले, मी अर्पिताला फोनवर इच्यारलं, तिचा धंदाच लेकरांचा हाय, ती म्हणली लेकरं रडतातच, त्याला काय होतंय. हे खरं हाय का? तुमी असं म्हणलात? मला तुमच्याच हातचं पत्र पाठ हाय, जावळ न्हाई, मार हाय.

मी ताट वाजवून बघितलं. पलंगाखाली गेला आन् संध्याकाळपर्यंत आला न्हाई. परत वाजवणार न्हाई.

बटा चालल्यात. उजव्या बाजूचं बरंच झालंय, वरून लांब केस झाकतात म्हणून कुणाला दिसत न्हाई. मला वेळ द्या म्हणा त्यांना, उन्हाळ्यापर्यंत मी सगळं डोकं घरात करते. केस डबीत ठिवलेत, डबी देवीला नेऊ. तुमी एवढंच बोला. एक वाक्य. माझ्या बोलण्याला ह्या घरात किंमत न्हाई, मी बोलले तर सासूबाईंची गोधडीबी परत जाईल. तुमच्या बोलण्याला हाय, आत्ताच आली हाय.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार चाललाय माझा. जवाब धाडा.

प्रियांका


परभणी
२४ जानेवारी २०२५

प्रिय प्रियांका,

अण्णांनी विचारलं, मी म्हटलं लेकरं रडतात. एवढंच म्हटलं. फोनवर सगळं शास्त्र कसं सांगणार? आणि त्यांचा आवाज इतका आनंदी होता की मला मध्येच ते मोडवेना.

तू फार ताण घेतेस. तुझा ताण लेकराला कळतो. अर्ध्या तासाचा प्रश्न आहे. मी कानात घालायला मऊ बोळे आणते, मी त्याच्या समोरच असेन, ओळखीचा चेहरा असला की फरक पडतो. त्या दिवशी सकाळी त्याला चांगलं दाबून, झुलवून आण. हलगीवाल्यांना थोडं लांब उभं राहायला सांगू. माळावर गेल्यावर अण्णांशी बोलायची संधी मिळालीच तर बोलेन.

माझी बाजूही समजून घे. सात वर्षं मी या दिवसाची वाट पाहिली आहे.

अर्पिता


परभणी
२० फेब्रुवारी २०२५

प्रिय प्रियांका,

आठवडा उलटला, तुझं पत्र नाही. निघताना मी तुझ्याजवळ आले तर तू भांडी उचलून आत गेलीस. बबिताबाईला विचारलं, ती म्हणाली तुला बरं नाही.

रुद्रा रडला हे मी नाकारत नाही. मलाही पाहवलं नाही. पण वस्तरा चालू असताना मध्ये बोलले असते तर त्याला लागलं असतं, त्याचाही विचार करावा लागतो. कानातले बोळे त्यानं काढून टाकले, त्याला मी काय करणार?

अण्णांनी सगळ्यांसमोर आमची डॉक्टरीण म्हणून ओळख करून दिली. आईनं ओटी भरली. मी काही या गोष्टींसाठी हपापलेली नाही, पण सात वर्षं ज्यांना नाव घेणं नको होतं त्यांनी जवळ बसवून जेवायला वाढलं. तुला एवढं तरी समजावं.

आता पुढचं बघू. काही दिवस डोक्याला हात लावू नकोस. परत हातापायापासून सुरुवात कर. दाबणं, गोधडी, झोळी. मागे गेलेली लेकरं परत पुढे येतात, वेळ लागतो इतकंच. तो दाब म्हणतो ना अजून? एवढं कळव.

अर्पिता


चारठाणा
१२ मार्च २०२५

अर्पिताताईंना,

मला काई झालेलं न्हाई. लिहावंसं वाटलं न्हाई.

न्हाई म्हणत. दाब म्हणत न्हाई, आणिक म्हणत न्हाई. तोंडातून आता फक्त वरडणं येतं. मी हात पुढं केला की मनगट चावतो, सोताचं. नवीन केस खुंटागत टोचतात म्हणून भिंतीला डोकं घासतो, कातडं निघालंय. तुमच्या शास्त्रात ह्याला काय म्हणतात ते मला नकोय.

वस्तरा चालू असताना बोलले असते तर लागलं असतं म्हणता. वस्तरा चालू व्हायच्या आधी नारळ फुटला. हार झाले, टोप्या-उपरणी झाली, आरती झाली, फोटो झाले. पावण्यांनी जावई न्हाई आले का इच्यारलं, सासूबाई म्हणाल्या त्यांना सुट्टी न्हाई, आन् तुमी मान डोलावली. तवा तोंड बंद होतं का तुमचं? लय वेळ होता, ताई.

दत्तानं त्याला मांडीवर दाबून धरलं. ह्यांनी पाय धरले. हलगी कुणी लांब केली न्हाई, तुमी सांगितलंच न्हाई. वारीककाकानं मुठीत केस धरले तवा रुद्रानं मला शोधलं. मला बायांनी मागं सारलं होतं, आईनं बघू नये म्हणून. त्याला तुमी दिसलात. दवाखान्यातल्या त्या चेंडूवरून त्यानं तुमाला वळखलं असंल. तुमच्याकडं बघून म्हणाला, दाब. एवढ्या हलगीत मला ऐकू आलं, तुमी तर हातभर अंतरावर होतात. तुमचे दोन्ही हात पदर धरायला गुंतले होते. तुमी खाली केसांकडं बघितलं.

तिथं दोनशे माणसं होती. त्यांना काई कळत न्हाई, त्यांच्यावर माझा राग न्हाई. अण्णांवरबी न्हाई, त्यांना वाटतं नातवाचं पुण्य केलं. कळणारं माणूस तिथं एकच होतं. कुंपणानंच शेत खाल्लं तर सांगायचं कुणाला?

मी अण्णांना तोंडावर म्हटलं. पयल्यांदा बोलले ह्या घरात. म्हटलं, लेकराला परभणीला नेऊ द्या, त्याला उपचार लागतात. ते रागावलेबी न्हाईत. म्हणाले, अगं, त्या कामातली माझी लेक हाय. तिनं सोता पदरात केस झेलले. काई आजार असता तर ती बोलली नसती का? तुमी आला नसतात तर मी भांडून नेलं असतं. तुमी आलात आन् ती वाट बंद झाली.

आता मागायचं न्हाई म्हणून ठरवलं होतं, पण लेकरासाठी नाक घासते. अण्णांना फोन करा न् म्हणा, रुद्राला उपचार लागतो, प्रियांकाचं खरंय.

तेवढं जमत न्हाई तर दुसरं करा. अण्णांनी माळावरचा मोठा फोटो करून ओसरीत लावलाय. मध्ये रुद्रा, समोर तुमी पदर पसरून. ओसरीतून जायचं म्हटलं की पोर त्या फोटोखाली दोन्ही हात डोक्यावर धरून खाली बसतं, हलत न्हाई. मी फोटो काढला तर ह्या घरात राहायची सोय न्हाई. तुमी म्हणलात तर अण्णा काढतील. एवढं तरी बोला.

प्रियांका


परभणी
२० मार्च २०२५

प्रिय प्रियांका,

तुझं पत्र वाचलं. भांडायची माझी इच्छा नाही.

पाडव्याला अण्णांनी मला परत बोलावलं आहे. या वेळी म्हणाले, पुढच्या वेळी त्यालाही आण. त्यालाही म्हणाले, प्रियांका. नाव नाही घेतलं, पण म्हणाले. सिद्धोधनला मी हे अजून सांगितलेलं नाही. माळावरून आल्यापासून आमचं कामापुरतंच बोलणं आहे. तो एकदाच म्हणाला, त्या मुलाचं काय झालं. मी म्हटलं ठीक आहे.

उपचाराचं आत्ता काढलं तर अण्णा विचारतील, मग तेव्हा का बोलली नाहीस. त्यांना मी काय सांगू? थोडे महिने जाऊ देत. त्यांचा माझ्यावर विश्वास नीट बसला की मी स्वतः रुद्राला परभणीला घेऊन येईन. तोवर तुला करायचं ते सगळं मी लिहून दिलेलंच आहे.

फोटोचं म्हणशील तर, त्यात आई माझ्या खांद्याला हात लावून उभी आहे. त्या भिंतीवरून माझे सगळे फोटो त्यांनी माझ्या लग्नाच्या दिवशी उतरवले होते. सात वर्षांत तिथे लागलेला माझा हा पहिला फोटो. तो काढा म्हणून मी कुठल्या तोंडानं सांगू?

तू रुद्राला ओसरीतून नेऊ नकोस. परसाकडचं दार आहे, तिकडूनच ने-आण करत जा.

अर्पिता